बोअर होतंय!

मे महिन्यातला शनिवार, सकाळचे आठ-वीस. आदल्या रात्री क्लायंटचा कॉल साडेअकरापर्यंत चाललेला, त्यामुळे मी चहाच्या वाफेवर डोळे उघडायच्या प्रयत्नात. समोर सोफ्यावर आमची नऊ वर्षांची कन्या. उलटी. म्हणजे पाय भिंतीवर, पाठ सोफ्यावर आणि डोकं खाली लोंबकळतंय.

‘‘ए बाबा, बोअर होतंय.’’

‘‘दात घासलेस?’’

‘‘हो.’’

‘‘दूध?’’

‘‘प्यायले. बोअर होतंय ना!’’

त्या दिवशी मी गंमत म्हणून मोजलं. रात्री पानं घेईपर्यंत हे वाक्य चौदा वेळा कानावर आलं. प्रत्येक वेळी सूर वेगळा. कधी तक्रार, कधी धमकी, आणि संध्याकाळच्या सुमारास तर अगदी शोकसभा.

ज्यांना मुलं नाहीत त्यांनी लगेच पान उलटू नका, बॉस. एखादी भाची, पुतण्या किंवा शेजारचं कार्टं तुमच्याही नशिबी असेलच. आणि तेही नसेल तरी ही गोष्ट थोडीफार तुमची आहे. कशी, ते पुढे येईलच.

तर मी पडलो प्रोजेक्ट मॅनेजर. प्रॉब्लेम आला की मी आधी एक्सेल उघडतो आणि मग विचार करतो. सुट्टी लागायच्या आधीच मी कन्येच्या सुट्टीची शीट बनवून टाकली होती. हिरवा रंग समर कॅम्पचा, निळा स्विमिंगचा, पिवळा कॅलिग्राफीचा आणि मधेमधे ‘वाचन – ३० मि.’ अशा गुलाबी पट्ट्या. बायको म्हणाली, ‘‘अरे, नऊ वर्षांची आहे ती. रिसोर्स नाहीये तुझी.’’ मी अर्थातच ऐकलं नाही.

पहिले पंधरा दिवस शीट झक्कास चालली. मग कॅम्पवाल्यांचा मेसेज आला की दुसऱ्या बॅचला पुरेशी मुलं मिळाली नाहीत, सबब बॅच रद्द, पैसे दिवाळीच्या कॅम्पला ॲडजस्ट करू. कॅलिग्राफीच्या टीचर गावाला गेल्या. सोसायटीच्या टाकीलाच टँकर लागायला लागल्यावर स्विमिंग पूल कोण भरणार? माझ्या शीटमधले तीन आठवडे एकदम पांढरेफटक पडले.

खरं सांगू? ते पांढरे चौकोन बघून आधी टेन्शन मला आलं. तिचं बोअर होणं नंतरचं. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात एक अपराधीपणा कायम वस्तीला असतो, आणि त्याला क्लास, कॅम्प, हॉबी असं काहीतरी सतत खायला घालावं लागतं. मूल नुसतं बसलेलं दिसलं की तो जागा होतो. तिकडे ऑफिसातल्या कोणाचा मुलगा रोबोटिक्स शिकतोय, कोणाची मुलगी फ्रेंच, आणि आमची कन्या सोफ्यावर वटवाघळासारखी!

घरात या सगळ्याचं टेन्शन नसलेली व्यक्ती एकच. माझी आई. सुट्टीसाठी म्हणून ती गावाहून आली होती. तिला मुळात हा शब्दच मान्य नाही. ‘‘बोअर होतंय म्हणजे काय गं? बोअर मारतात. रानात. पाण्यासाठी.’’

कन्येला हे जाम आवडलं. तेव्हापासून दोघींचा एक खेळ सुरू झाला. ही म्हणायची, ‘‘आजी, बोअर होतंय.’’ आजी भाजी निवडता निवडता विचारायची, ‘‘किती फूट गेलीस?’’

‘‘दोनशे.’’

‘‘मग अजून खडकच असेल. जा, चालू दे.’’

माझ्या आईने बालमानसशास्त्राचं एक पुस्तक वाचलेलं नाही. पण तिने उत्तर दिलं नाही, उपाय दिला नाही आणि हाकलूनही लावलं नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं. मी मात्र प्रत्येक ‘बोअर’ला सर्व्हिस तिकीट समजून धावत होतो. चित्र काढ. पझल घे. मैत्रिणीला फोन कर. माझ्या दहाही सजेशन्सना तिचं उत्तर एकच, ‘‘नको, बोअर आहे ते.’’ आपल्यालाही कोणी रविवारी दुपारी येऊन असे ऑप्शन वाचून दाखवले तर आपण हेच म्हणू.

तसा आपल्या भाषेत यासाठी चांगला शब्द आहे. कंटाळा. तो येतो. आणि जो येतो तो आपला आपण जातोही. माणसाची किंवा जागेची सवय सुटली की ‘करमत नाही’. पण ‘बोअर होतंय’मध्ये एक छुपी मागणी असते. कोणीतरी मला बोअर करतंय, तेव्हा कोणीतरी ते थांबवा. आणि ‘कोणीतरी’ म्हणजे मोठं माणूस किंवा मोठ्या माणसाचा फोन.

फोनचं सांगूनच टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की आमच्या घरात सगळे ऋषीमुनी राहतात. टॅब आमच्याकडेही आहे. त्या तीन आठवड्यांत दोन संध्याकाळी मी हात टेकले आणि तो तिच्या स्वाधीन केला. तिला शांतता, मला शांतता. त्यावरचं सगळं वाईट असतं असंही नाही. त्याची अडचण इतकीच की तो पहिल्या फुटालाच पाणी देतो, तेही पाइपचं. मग मशीन खाली जाणार कशाला?

या विषयावर लिहायला बसलं की ‘आमच्या लहानपणी’ ही रेकॉर्ड लावायचा सॉलिड मोह होतो. चिंचोके, टायर, आंब्याच्या कोया वगैरे वगैरे. आम्हाला कुठे होते कॅम्प? तरी रमायचोच ना! पण जरा प्रामाणिकपणे आठवून बघितलं तर आम्ही काही जात्याच कल्पक नव्हतो. गावच्या घरात सारखं कोणी ना कोणी हाताने काहीतरी करत असायचं. आजोबा पंक्चर काढत बसायचे. काकू पापड लाटायची. समोरचे सुतारमामा रंधा मारायचे. आम्ही कंटाळून त्यांच्या भोवती घुटमळायचो आणि मग कोणीतरी म्हणायचं, ‘‘धर रे जरा हे.’’ तिथून सुरुवात. पुढची दुपार कुठे जायची पत्ता लागायचा नाही.

आता कन्येच्या बाजूने बघा. अकरावा मजला. पार्किंगमध्ये ‘येथे खेळू नये’ अशी पाटी. आणि घरात आई-बाबा दिवसभर काय करतात? स्क्रीनसमोर बसून बोटं हलवतात आणि ‘ॲम आय ऑडिबल?’ असं हवेला विचारतात. मी पंधरा वर्षं जे काम करतोय ते माझ्या पोरीला दिसतच नाही. त्यात ‘धर जरा हे’ म्हणून तिच्या हातात काय देणार? पिव्होट टेबल? नुसता कंटाळा येऊन भागत नाही, आजूबाजूला उचकायला काहीतरी लागतं, हे आमचे नॉस्टॅल्जियावाले लोक सांगत नाहीत.

आणि आपण मोठी माणसं तरी कंटाळ्याशी कुठे नीट वागतो? सिग्नलला साठ सेकंद दिसले की फोन. लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली की फोन. कुकरची तिसरी शिट्टी व्हायचीये, तोवर फोन. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात टिमोथी विल्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर एक भन्नाट प्रयोग केला होता. २०१४मध्ये तो ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. माणसाला एका खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवायचं. फोन नाही, पुस्तक नाही. फक्त विचार करायचा. खोलीत एक बटण. ते दाबलं की विजेचा सौम्य झटका बसतो. हाच झटका त्यांना आधी देऊन झाला होता आणि तो टाळायला आपण पैसेही देऊ, असं म्हणणारी ही मंडळी होती. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी निदान एकदा तरी बटण दाबलंच! एका पठ्ठ्याने तर १९० वेळा दाबलं. त्याला म्हणे सरासरीतून वगळावं लागलं. मला तो माणूस फार ओळखीचा वाटतो. आमच्या टीममध्ये असे चार आहेत. पाचवा मी.

असो. तर मंगळवार. माझा वर्क फ्रॉम होमचा दिवस. अकराचा रिव्ह्यू कॉल सुरू झालेला. कन्या दारात आली, तोंड उघडलं, मी हेडफोनकडे बोट दाखवलं. ती आजीकडे गेली. ‘‘किती फूट?’’ ‘‘अडीचशे.’’ मग चपलांचा आवाज आणि दार.

खाली गेटवर आमचे वॉचमनकाका सायकल उलटी करून तिच्या व्हॉल्व्हची रबरी नळी बदलत होते. म्हणजे ती बारीक, काळी, नूडलसारखी असते ती. नीट विचार केला तर आमच्या अख्ख्या सोसायटीत त्या वेळी हाताने दिसण्यासारखं काम करणारा तो एकच माणूस होता. ही त्यांच्याशेजारी अर्धा तास उकिडवी बसली. येताना वीतभर नळी घेऊन आली.

पुढचं मी लॅपटॉपच्या वरून, अर्ध्या डोळ्याने पाहिलं. आधी ती नळी नुसती ताणून झाली. मग कानातलं म्हणून लावून झाली. मग तिने देवघरातली काडेपेटी उचलली आणि नळीच्या तोंडात काडी घुसवून बघितली. काडी फिट्ट बसली. आता खरं तर मी ओरडायला हवं होतं, पण माझं स्टेटस अपडेट चालू होतं. आजीने काडेपेटी काढून घेतली, ‘‘थांब’’ म्हणाली आणि शांतपणे सुरीने एकेका काडीचं गुल खरवडून काड्या परत दिल्या. एवढाच काय तो आजीचा सहभाग.

कन्येने नळीचे छोटे तुकडे केले. दोन काड्या एका तुकड्यात दोन्हीकडून घातल्या की कोपरा तयार होतो. तीन काड्या आणि तीन तुकडे घेऊन त्रिकोण झाला. मग चार काड्यांचा चौकोन. चौकोन टेबलावर उभा केला तर तो आळसावल्यासारखा एका बाजूला कलला आणि पार आडवा झाला. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. नवीन तुकडे कापले, काड्या आणखी आत दाबल्या. परत कलला. पाच काड्यांचा केला, तो तर त्याहून ढिला. मग तिने पहिला त्रिकोण उचलून चिमटीत दाबला. हलेना.

‘‘तीनचा हलत नाही,’’ ती म्हणाली. मला नाही. कोणालाच नाही.

मग तिने चौकोनाच्या आत तिरकी काडी घालून बघितली. काडी पुरेना. दुसरी घेतली, तीही पुरेना. सगळ्या काड्या सारख्याच, हे तिला माहीत होतं, तरी पेटीत हात घालून लांब काडी शोधत राहिली. अखेर उठून खराट्याचा एक हीर मोडून आणला, चौकोनावर तिरका धरला आणि मापाने तोडला. आजीच्या सुईने कोपऱ्यांच्या रबराला भोकं पाडली आणि हीर आत बसवला. चौकोन ताठ उभा राहिला.

‘‘तिरकं जास्त लागतं,’’ ती परत स्वतःशीच.

मी इंजिनियर आहे. बाजू एक असेल तर कर्ण वर्गमूळ दोन, म्हणजे १.४१४ वगैरे, हे मला दहावीपासून पाठ आहे. पण काडी पुरत नाही म्हणून खराटा मोडायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. हेडफोनमध्ये कोणीतरी तिसऱ्यांदा माझं नाव घेत होतं. मी म्हणालो, ‘‘सॉरी, आय वॉज ऑन म्यूट.’’

दीड तास गेला होता. त्यात एकदाही ‘बोअर’ नाही. जेवताना ती गॅलरीकडे बघत होती. शेजारच्या साइटवर टॉवर क्रेन उभी आहे. पुण्यात कोणाच्या शेजारी नसते? घास तसाच हातात धरून म्हणाली, ‘‘बाबा, त्या क्रेनमध्ये पण सगळे तीनचेच आहेत.’’ आजीने विचारलं, ‘‘काय गं, लागलं का पाणी?’’ तिला कळलंच नाही कशाबद्दल ते. विसरली होती.

इथवर सगळं झ्याक होतं. मग मी सीनमध्ये आलो.

रात्री मी गुगल केलं आणि उडालोच. हे काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचं प्रकरण काही नवीन नव्हतं. ते अरविंद गुप्तांनी केव्हाच देशभर नेलंय. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८मध्ये वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या खेड्यांतल्या शाळांमध्ये प्रयोगशाळा कुठून असणार? मग काडेपेट्या, सायकलची नळी, जुनी वर्तमानपत्रं, जे मिळेल त्यातून खेळणी. पुढे आपल्या विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं हेच केलं. २०१८मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि फिल्म्स वेबसाइटवर फुकट आहेत. त्यात तीन काड्यांचा जोड कसा करायचा तेही आहे. नळीला मधोमध भोक पाडायचं आणि तिसरी काडी घुसवायची. सुई नसली तर बाभळीचा काटाही चालतो. माझी पोरगी ज्या सुईपर्यंत स्वतःहून पोचली होती, तीच ही सुई!

आता एवढ्यावर एखादा शहाणा बाप झोपी गेला असता. मी मॉडेल्सची यादी काढली आणि एक्सेल उघडलं.

सकाळपर्यंत पांढऱ्या चौकोनांत नारिंगी पट्टा आला होता: ‘मॅचस्टिक – ४५ मि.’ चौकोनाचा व्हिडिओ काढून झाला. ‘‘हे काय आहे, सांग सगळ्यांना. कॅमेऱ्यात बघून सांग.’’ तो फॅमिली ग्रुपवर गेला. अंगठे, टाळ्या, ‘फ्युचर इंजिनियर!’, एका काकांचं ‘रक्तातच आहे’. आणि माझा मास्टरस्ट्रोक म्हणजे फ्रिजवर लावलेला चार्ट. एक मॉडेल, एक स्टार. दहा स्टार, एक पिझ्झा.

पहिल्या दिवशी चार मॉडेल्स झाली. दुसऱ्या दिवशी तीन. मग माझ्या लक्षात आलं की सगळी त्रिकोणच आहेत. त्रिकोण पटकन होतो. ‘‘हा झाला. किती स्टार?’’ चौथ्या दिवशी पिझ्झा आला, त्यावर एक्स्ट्रा चीज आलं, आणि काड्यांची पेटी जी बंद झाली ती झालीच. पाचव्या दिवशी सकाळी सोफ्यावर पाय वर.

‘‘ए बाबा, बोअर होतंय.’’

बायकोने फ्रिजवरच्या चार्टकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘‘शाब्बास. तिचंही ऑफिस करून टाकलंस.’’

माझा हा पराक्रम मानसशास्त्रात नावाजलेला आहे, फक्त माझ्या नावावर नाही. १९७३मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तीन ते पाच वर्षांची अशी मुलं निवडली, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी स्टार आणि रिबन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. काहींना काही न सांगता, चित्र झाल्यावर अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच पेन नुसते मांडून ठेवले आणि लांबून बघत राहिले. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं, त्यांनी चित्रांवर घालवलेला वेळ बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपास होता. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे गडबड पिझ्झ्यात नव्हती. ‘हे केलंस तर ते देईन’ या सौद्यात होती. आपल्या अप्रेझलचा सगळा फंडा या एका वाक्यावर उभा आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी. एचआरने वाचायच्या आत.

मारिया मॉन्टेसरीची एक हकीकत मी तेव्हा वाचली आणि जास्त टोचली. रोममधलं तिचं पहिलं बालगृह, १९०७ साली सुरू झालेलं. तिथे एक तीन वर्षांची मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांमध्ये दट्ट्या बसवत होती. लहान भोकात लहान, मोठ्यात मोठी. सगळ्या बसल्या की बाहेर काढायच्या आणि परत पहिल्यापासून. मॉन्टेसरीबाईंना बघायचं होतं की हिचं ध्यान किती पक्कं आहे. त्यांनी बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली. नंतर ती बसली होती ती खुर्चीच उचलून टेबलावर ठेवली. पोरीने ठोकळा मांडीवर घेतला आणि पुढे चालू! चाळीसहून जास्त वेळा तेच करून ती आपणहून थांबली आणि छान झोप झाल्यासारखी इकडेतिकडे बघून हसली. खुर्चीसकट उचललं तरी जे मोडलं नाही, ते मी टाळ्या वाजवून मोडलं होतं.

दुरुस्ती करायला मी चार्ट काढला. एक्सेल शीट डिलीट केली. (रिसायकल बिनमधूनही. बायकोने उभं राहून करून घेतली.) काड्यांची पेटी मात्र टाकली नाही. खालच्या कप्प्यात ठेवली. शेजारी जुनं गजराचं घड्याळ, सेल काढलेला बंद रिमोट, आईचं उरलेलं लोकर, पुठ्ठे, एक स्क्रू ड्रायव्हर. तिला सांगितलं काही नाही. हेच सगळ्यात अवघड गेलं.

लगेच चमत्कार वगैरे झाला नाही. दोन दिवस ती नुसती लोळली. एकदा रडली. एकदा एक वाजता दुपारी आपले केस आपणच कापायचा प्रयोग झाला, त्याचे परिणाम शाळा सुरू होईपर्यंत दिसणार आहेत. घड्याळ उघडलं गेलं आणि परत कधीच बंद झालं नाही, त्याची एक स्प्रिंग अजून सापडत नाहीये. आजी म्हणाली, ‘‘आमच्या रानात तीन बोअर मारल्या. दोन फेल गेल्या.’’ मी विचारलं, ‘‘आणि पैसे?’’ ‘‘गेले.’’

एक बदल मात्र मी केला. बुधवारी मी मिक्सरचं झाकण दुरुस्त करायला काढलं, जे मी एरवी ऑनलाइन मागवून मोकळा झालो असतो. बोलावलं नाही. पंधरा मिनिटांनी ती शेजारी येऊन उकिडवी बसली. मी म्हणालो, ‘‘धर जरा हे.’’ झाकण काही दुरुस्त झालं नाही. पण आमची संध्याकाळ बरी गेली.

परवाच्या रविवारी मी हॉलमध्ये फरशीवर आडवा पडलो होतो. फोन बेडरूममध्ये, मुद्दाम. मी मनात मिनिटं मोजत होतो, अकरा झाली होती आणि माझा हात दोनदा रिकाम्या खिशाकडे गेला होता. ती गॅलरीच्या दारात पाठमोरी बसून काहीतरी करत होती. खराट्याचे हीर दिसत होते, बऱ्यापैकी लांब. काळ्या नळीचे तुकडे. मला मान उंचावून बघायचं होतं. काय आहे ते विचारायचं होतं. आणि खरं सांगतो, फोटोही काढायचा होता.

‘‘बाबा, तू काय करतोयस?’’ तिने मागे न बघता विचारलं.

‘‘काही नाही.’’

‘‘बोअर होतंय?’’

‘‘जाम.’’

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, ‘‘किती फूट गेलास?’’

‘‘असतील पाच-सहा.’’

दोघी हसल्या. मग कन्येने हात मागे करून रिकामी काडेपेटी माझ्याकडे सरकवली. ‘‘काड्या संपल्यात. आणतोस?’’

मी ताडकन उठलो. करायला काहीतरी मिळालं होतं! चपला घालतोय तोवर आतून ऐकू आलं,

‘‘आणि बाबा, लगेच येऊ नकोस.’’